ड्रम फिरतो, पण गरम हवा येत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर ती लगेच लक्षात येईल. गुहागर तालुक्यात समुद्रकाठी तुम्ही पर्यटकांसाठी घरगुती निवास चालवता. तिथे सहा किलो क्षमतेचा, दमट हवा पाईपने बाहेर सोडणारा विजेचा ड्रायर चार वर्षे वापरात आहे. जुलैच्या मध्यापासून ड्रम नेहमीसारखा फिरतो, टाइमर पुढे सरकतो, पंख्याचा आवाजही येतो, पण हवा गारच राहते. गेल्या पावसाळ्यातही असेच झाले होते. तेव्हा कारागिराने थर्मल फ्यूज बदलला आणि यंत्र उन्हाळाभर विनातक्रार चालले. आता तोच कारागीर म्हणतो की बहुधा हीटर गेला असावा, आणि फ्यूजच निघाला तर तो सारखा जातो म्हणून या खेपेस ‘डायरेक्ट’ करून देतो, म्हणजे फ्यूज टाळून तिथे सरळ तार जोडतो. पाईप पश्चिमेच्या भिंतीतून समुद्राकडे काढलेला आहे. गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत आणि पडवीत वलणीवर टाकलेल्या चादरींना आंबूस वास येऊ लागला आहे.

रत्नागिरी आणि आसपासच्या तालुक्यांत मी सव्वीस वर्षे ही यंत्रे उघडतो आहे. यंत्र न पाहता बोलायचे तर माझा अंदाज असा की हीटर शाबूत आहे, थर्मल फ्यूज पुन्हा उडाला आहे, आणि तो ज्या कारणाने गेल्या वर्षी उडाला ते कारण त्या वेळी कोणी शोधलेच नाही. ते कारण यंत्राच्या पोटात नसून तुमच्या पश्चिमेच्या भिंतीत असावे. मात्र अंदाजावर सुटे भाग मागवू नयेत. म्हणून तपास कसा करायचा ते क्रमाने सांगतो. त्यातला पहिला अर्धा भाग तुम्ही स्वतः करू शकता, पुढचा भाग कारागिराने करायचा आहे.

आधी आतली रचना थोडक्यात पाहू. तुमच्यासारख्या यंत्रात एकच मोटर ड्रमही फिरवते आणि पंखाही. पंखा खोलीतली हवा हीटरवरून ओढून ड्रममधून नेतो आणि जाळीतून गाळून पाईपवाटे बाहेर टाकतो. हीटर म्हणजे नायक्रोमच्या तारेचे वेटोळे. त्याला स्वतःची अक्कल काहीच नसते. वीज मिळाली की तो तापतच राहतो. त्याला आवरण्यासाठी तीन पहारेकरी ठेवलेले असतात. पहिला रोजच्या कामाचा थर्मोस्टॅट, जो ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करतो आणि हवा निवली की पुन्हा चालू करतो. दुसरा वरच्या मर्यादेचा कटऑफ. काही यंत्रांत तो आपोआप पूर्ववत होतो, तर काहींत त्याच्यावरचे छोटे बटण हाताने दाबावे लागते. तिसरा थर्मल फ्यूज, जो एकदा उडाला की कायमचा गेला. हे तिन्ही हीटरच्या वाटेवर एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांपैकी एकाने जरी वाट तोडली तरी हीटर गार पडतो, आणि मोटरची वाट बहुतेक यंत्रांत वेगळी असल्याने ड्रम मात्र फिरत राहतो. तुमच्याकडे नेमके हेच दिसते आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण अनेकजण अमेरिकेतली चलचित्रे पाहून माझ्याकडे येतात. त्यांत पहिला सल्ला असा असतो की घरातल्या दोन एमसीबींपैकी एक पडला आहे का ते पाहा. तिथल्या घरगुती ड्रायरला १२० व्होल्टच्या दोन तारा मिळून २४० व्होल्ट मिळतात. मोटर त्यांतल्या एकाच तारेवर चालते आणि हीटरला दोन्ही लागतात, त्यामुळे एक तार गेली की ड्रम फिरतो आणि हवा गार राहते. आपल्याकडे घरगुती ड्रायर २३० व्होल्टच्या एकाच फेजवर चालतो, त्यामुळे फेज गेला तर सगळेच बंद पडते. हा सल्ला आपल्याकडे लागू पडतो तो मोठ्या हॉटेलांतल्या थ्री फेज ड्रायरना. एक फेज गेल्यावर त्यांचे हीटर अर्धवट तापतात आणि मोटरची जोडणी उरलेल्या फेजवर असेल तर ती फिरत राहते. तुम्हाला त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

आता पहिली चाचणी. तिला कोणतेही हत्यार लागत नाही. वीजमीटरवर एक छोटा तांबडा दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरच्या तोंडावर छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. तुमच्याकडे वेगळा असेल तर खालचा हिशेब त्या प्रमाणात बदला. फ्रिज, पंप, गीझर, पंखे, सगळे बंद करा. ड्रायरमध्ये ओले कपडे टाकून तो सर्वांत गरम निवडीवर सुरू करा आणि पहिल्या पाच मिनिटांच्या आतच दहा सेकंदांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. हीटर २००० वॅटचा आणि मोटर सुमारे २०० वॅटची धरली, तर सगळे नीट असताना दहा सेकंदांत वीसच्या आसपास लुकलुक व्हायला हवी. दोनच झाली तर हीटरला वीज मुळीच पोचत नाही किंवा त्याची तार तुटली आहे. दहा-अकरा झाली तर हीटरच्या दोन वेटोळ्यांपैकी एकच चालते आहे, अर्थात तुमच्या हीटरला दोन वेटोळी असतील तर. बारा-तेरा झाली तर व्होल्टेज कमी मिळत असण्याचा संशय घ्या, त्याविषयी पुढे सांगतो. आणि वीस झाली तर यंत्र गरम होते आहे, तक्रार दुसरीच आहे.

ही शेवटची शक्यता हसण्यावारी नेऊ नका. माझ्याकडे ‘गरम होत नाही’ म्हणून येणाऱ्या यंत्रांपैकी काहींत हीटर ठणठणीत असतो. बहुतेक ड्रायरमध्ये शेवटची काही मिनिटे हीटर बंद करून नुसती हवा फिरवली जाते, म्हणजे कपड्यांना सुरकुत्या पडत नाहीत आणि हाताला चटका बसत नाही. त्या वेळी दार उघडणाऱ्याला सगळे गारच लागणार. सुरुवातीची वीस मिनिटेही कपडे कोमटच असतात, कारण सगळी उष्णता त्यांतल्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक लिटर पाणी वाळवायला कमीत कमी पाऊण युनिटाच्या जवळपास उष्णता लागते. पाच किलो सुती चादरी चांगल्या पिळून आल्या तरी त्यांत सुमारे तीन लिटर पाणी असते, म्हणजे दोन युनिटे केवळ वाफेची झाली. २००० वॅटच्या हीटरला हे काम एका तासाच्या आत करणे अशक्य आहे, आणि प्रत्यक्षात दीड तासाहून अधिक वेळ लागतो. हाताने पिळलेल्या चादरींना याच्या दुप्पट वेळ लागला तरी त्यात यंत्राचा दोष नाही.

याच संदर्भात ‘पावसाळी हवेत ड्रायर काय करणार’ हा गैरसमजही दूर करतो. बाहेरची हवा २७ अंशांची आणि तिची आर्द्रता ९० टक्के धरा, जी आपल्याकडे जुलैत रोजचीच. तीच हवा हीटरवरून जाऊन ६० अंशांना पोचली की तिची सापेक्ष आर्द्रता १६ टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि अशी हवा भर पावसातही चादर खणखणीत वाळवते. हीटर बंद असेल तर मात्र ९० टक्क्यांचीच हवा ड्रममधून फिरते आणि तीन तास यंत्र चालवूनही चादर वलणीवरच्यापेक्षा फारशी वेगळी निघत नाही. त्यामुळे ‘हीटर नसला तरी वाऱ्यावर वाळतील’ म्हणून यंत्र चालवत राहण्यात अर्थ नाही. वीज जाते आणि पट्टा झिजतो.

तुमच्या बाबतीत मीटरचा दिवा दहा सेकंदांत दोनदाच लुकलुकेल असे मी गृहीत धरतो. तरीही यंत्र उघडण्याआधी हवेची वाट तपासायची. मला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे ते याच विषयावर, कारण थर्मल फ्यूज उडण्याची जी कारणे मी पाहिली त्यांतली निम्म्याहून अधिक या वाटेवर सापडली. हवा पुरेशी वाहिली नाही की हीटरची उष्णता जागच्या जागी साचते, थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा तुटतो-जुळतो, आणि एखाद्या दिवशी शेवटचा पहारेकरी आपले काम करून मोकळा होतो.

जाळी बाहेर काढा. तिच्यावरची लव तुम्ही प्रत्येक खेपेला काढत असाल यात शंका नाही, परंतु स्वच्छ दिसणारी जाळीही बंद असू शकते. नळाखाली ती आडवी धरा. पाणी लगेच आरपार पडले तर ठीक. जाळीवर तळे साचून राहिले तर कपडे मऊ करणाऱ्या द्रव्याचा किंवा साबणाचा न दिसणारा पापुद्रा तिच्यावर बसला आहे असे समजा. भांड्याचा साबण आणि जुना दातांचा ब्रश घेऊन ती घासा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत लव कोरडी भुरभुरीत राहत नाही, ती लगद्यासारखी चिकटून बसते. म्हणून जाळीच्या मागच्या खाचेत टॉर्च मारून पाहा आणि लांब ब्रशने तेवढी जागाही मोकळी करा.

मग पाईप. यंत्र भिंतीपासून पुढे ओढा, पाईप सोडवा, आणि पाईप नसताना यंत्राच्या मागच्या तोंडाशी हात धरून हवेचा जोर पाहा. नंतर पाईप जोडून बाहेरच्या तोंडाशी तोच जोर पाहा. आत जोर चांगला आणि बाहेर मरगळलेला असेल तर दोष पाईपमध्ये. घडीचा चंदेरी पाईप मध्ये सैल सुटून खाली लोंबत असेल तर त्या झोळीत वाफेचे पाणी साचते आणि त्यात लव बसून गाळ तयार होतो. मी अशा झोळीतून तांब्याभर पाणी ओतून काढले आहे. बाहेरच्या तोंडाची झडप गंजून अर्धवट उघडत असेल. कुंभारीण माशीने आत मातीचे घर बांधले असेल, तेही चार दिवस यंत्र बंद राहिले तरी पुरते. उंदीर तर आहेतच.

तुमच्या घरी मला मुख्य संशय आहे तो वाऱ्याचा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून थेट भिंतीवर येतो. तुमच्या पाईपचे तोंड पश्चिमेला, तेही बहुधा उघड्यावर. ड्रायरचा पंखा काही मोठ्या ताकदीचा नसतो, आणि वादळी झोत समोरून आला की झडप दाबून बंद होते व आतली हवा आतच घुटमळते. यंत्र ऑक्टोबरपासून मेपर्यंत नीट चालते आणि दोन्ही वर्षी ऐन पावसाळ्यात बंद पडते, हे तुम्हीच लिहिले आहे. फ्यूज निकृष्ट असता तर त्याला ऋतू कळला नसता. हे खरे की खोटे ते तपासण्याचा मार्ग सोपा आहे: जोराचा वारा असलेल्या दिवशी यंत्र हीटरविना, नुसत्या हवेच्या निवडीवर चालवून बाहेर छत्री घेऊन उभे राहा आणि झडप उघडी राहते का ते पाहा.

हवेच्या वाटेत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे पंखा स्वतः. काही छोट्या यंत्रांत ड्रमला एक पट्टा आणि पंख्याला दुसरा, बारका पट्टा असतो. तो सैल झाला तर ड्रम झोकात फिरतो पण हवा हलत नाही. पाईप सोडवूनही मागच्या तोंडाशी जोर नसेल तर कारागिराला हा पट्टा आणि पंख्याची पाती आधी पाहायला सांगा. पर्यटकांच्या टॉवेलांतून येणारी पुळणीवरची वाळू ड्रमच्या कडेचे नमद्याचे अस्तर झिजवते, आणि मग लव जाळीत न जाता यंत्राच्या पोटात हीटरपर्यंत उडते. टॉवेल धुण्याआधी अंगणात झटकून घ्यावेत, एवढाच त्यावर उपाय आहे.

येथून पुढचे काम ज्याला मल्टिमीटर वापरता येतो त्याचेच. नुसता स्विच बंद करून भागणार नाही, प्लग सॉकेटमधून काढून तो डोळ्यांसमोर ठेवायचा. मोटरचा कपॅसिटर हाताळण्याआधी डिस्चार्ज करायचा. मागचा पत्रा काढल्यावर मीटर लावण्याची घाई करू नये, आधी डोळ्यांनी पाहावे. हीटरच्या टोकांवर बसवलेल्या लगांकडे, म्हणजे तार जोडण्याच्या धातूच्या टोपणांकडे, विशेष लक्ष द्यावे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरांत तांब्यावर हिरवा कळंक चढतो, लगाची पकड सुटते आणि सांध्याचा रोध वाढतो. येथे मल्टिमीटर फसवतो. समजा सांध्यात अर्धा ओहम रोध आला. मीटर तो जवळपास शून्यच दाखवेल आणि कारागीर ‘कंटिन्युइटी आहे’, म्हणजे विजेची वाट अखंड आहे, म्हणून पुढे जाईल. परंतु हीटरचा पावणेनऊ अँपिअरचा प्रवाह त्या अर्ध्या ओहमातून गेला की तिथे सुमारे ३८ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एक सोल्डरिंग आयर्नच तिथे सतत चालू असल्यासारखे. लग काळा पडतो, तारेचे आवरण कडक होऊन तुटते, आणि एके दिवशी तार सुटते. हीटर मात्र निर्दोष असतो. अशा वेळी तार चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापून, उष्णता सोसणाऱ्या आवरणाची तार वापरून नवा लग चिमट्याने घट्ट दाबून बसवावा. साधी घरगुती वायरिंगची तार येथे चालत नाही, तिचे आवरण वितळते.

आता हीटर मोजायचा. त्याच्या दोन्ही टोकांवरच्या तारा काढून, म्हणजे तो परिपथातून सुटा करून, रोध पाहायचा. २३० व्होल्टवर २००० वॅटच्या हीटरचा रोध २६ ओहमच्या आसपास येतो. दोन समान वेटोळी असतील तर प्रत्येकी सुमारे ५३. मीटर अनंत दाखवत असेल तरच हीटर तुटला आहे. हीटरचे टोक आणि यंत्राचा पत्रा यांच्यात काहीच मार्ग दिसता कामा नये. दिसला तर वेटोळे ओघळून पत्र्याला टेकले आहे, आणि ते यंत्र अर्थिंग व आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) यांच्या भरवशावरही चालवू नये. तुमच्याकडे आरसीसीबी पडत नाही, त्यामुळे ही शक्यता कमी वाटते. तरीही हे पाहून घ्यायला एक मिनिटही लागत नाही, आणि कातळावरच्या घरांचे अर्थिंग उन्हाळ्यात किती कामाचे उरते याविषयी मला नेहमीच शंका वाटते.

त्यानंतर तिन्ही पहारेकरी एकेक सुटे करून मोजायचे. खोलीच्या तापमानाला तिघांचाही रोध शून्याजवळ हवा. वरच्या मर्यादेच्या कटऑफवर छोटे बटण असेल तर ते दाबून पाहावे. ‘टक’ असा आवाज आला तर तो पडलेला होता. थर्मोस्टॅट कंटिन्युइटी दाखवतो म्हणून निर्दोष ठरत नाही, कारण त्याचे काम जुळण्याचे नसून वेळेवर तुटण्याचे आहे. तो काढून केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा त्यावर सोडावी. तो तुटल्याचा आवाज यायला हवा आणि निवल्यावर पुन्हा जुळायला हवा. वारंवार तुटण्या-जुळण्याने त्याचे संपर्कबिंदू चिकटून बसलेले असतील तर तो कधीच तुटत नाही, आणि मग दर वेळी फ्यूजचा बळी जातो. तुमच्या यंत्रात पाईपचा दोष निघाला तरीसुद्धा, दोन पावसाळे अवाजवी राबलेला हा थर्मोस्टॅट फ्यूजबरोबरच बदलावा असे मी सुचवतो. त्याची किंमत हीटरच्या मानाने किरकोळ असते.

थर्मल फ्यूज उडालेला निघाला तर त्याच्या अंगावर छापलेले तापमान आणि अँपिअर हे दोन्ही आकडे जुळणाराच नवा घ्यावा. दुकानदार ‘थोडा वरचा देतो, टिकेल’ म्हणाला तर घेऊ नये. दोन पायांच्या नळीसारखा फ्यूज सोल्डरने जोडायला गेलात तर आयर्नच्या उष्णतेने तो तिथल्या तिथे उडतो आणि नवा भाग खराब निघाला अशी समजूत होते. तो दाबाच्या लगानेच जोडायचा असतो.

आता ‘डायरेक्ट’ करण्याविषयी. मी उमेदवारी करत असताना एका लॉजच्या ड्रायरचा फ्यूज असाच तार टाकून जोडला होता. सीझन होता, सुटा भाग मुंबईहून यायला चार दिवस लागणार होते, आणि मालक घाईत होता. तिसऱ्या दिवशी निरोप आला. टॉवेलांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, जाळीमागची लव काळी पडून धुमसत होती. कामावरच्या बाईने वास ओळखून प्लग ओढला म्हणून तेवढ्यावर निभावले. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटले होते, आणि त्यापुढचा पहारा मीच उठवला होता. तेव्हापासून मी तपासणीपुरताही फ्यूज टाळून यंत्र चालवत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही, कारण जे समजून घ्यायचे ते मल्टिमीटर वीज न जोडता सांगतो. तुमचा कारागीर वाईट माणूस आहे असे मी म्हणत नाही. गिऱ्हाइकाचे काम अडू नये म्हणूनच तो हे सुचवतो आहे. परंतु ज्या घरात रात्री परकी माणसे झोपतात तिथे हे कदापि करू देऊ नका. याच कारणाने तेल लागलेली फडकी, मालिशचे टॉवेल, स्वयंपाकघरातली तेलकट पुसणी ड्रायरमध्ये टाकू नयेत. धुतल्यावरही त्यांत तेल उरते.

हे सगळे बरोबर निघाले आणि तरीही हीटरला वीज पोचत नसेल तर टाइमरचे संपर्कबिंदू, दाराचा स्विच आणि काही यंत्रांत मोटरवर बसवलेला स्विच पाहायचा, जो मोटरने वेग घेतल्याशिवाय हीटरची वाट खुली करत नाही. इलेक्ट्रॉनिक पाटी असलेल्या यंत्रांत हीटरचा रिले जळतो किंवा पाटीवर पाल येऊन चिकटते. तुमचे यंत्र टाइमरचे आहे, म्हणून यात अधिक शिरत नाही.

व्होल्टेजविषयी मात्र सांगितले पाहिजे. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज एक पंचमांशाने घटल्यासारखे वाटते, पण २००० वॅटचा हीटर सव्वाबाराशे वॅटवर येतो. मे महिन्यात संध्याकाळी सगळीकडे एअरकंडिशनर सुरू झाले की वाहिनीच्या टोकाच्या वाड्यांत हे रोज घडते, आणि लोक हीटर बदलतात. तशी शंका असेल तर यंत्र चालू असताना सॉकेटवरचे व्होल्टेज जाणकाराकडून मोजून घ्या. यंत्र बंद असताना मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. तो आकडा मुख्य स्विचवर बरा आणि सॉकेटवर पडलेला निघाला तर घरातले वायरिंग बारीक आहे. ड्रायर १६ अँपिअरच्या सॉकेटवर, स्वतंत्र वायरीनेच चालवावा. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये. प्लगची पिन काळी झाली असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही एकदमच बदलावेत, कारण जुने सॉकेट नव्या पिनेलाही जाळते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे वीज परत आली तेव्हा न्यूट्रल सुटल्याने घराघरांतली उपकरणे जळाली. तेव्हापासून वादळात वीज गेली की प्लग काढून ठेवायचा आणि वीज आल्यावर दिवे स्थिर दिसेपर्यंत तो लावायचा नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

दुरुस्ती झाल्यावर मीटरच्या दिव्याची मोजणी पुन्हा करा आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी काही बिनसले तर तो तुमच्या कामी येईल. सुटा भाग येईपर्यंत चादरी वॉशिंग मशीनमध्ये दोनदा पिळून माजघरात पंख्याखाली, एकमेकींना न चिकटतील अशा टांगा. ड्रायर सुरू झाल्यावरही जाड टॉवेल आणि चादरी एका खेपेत घालू नका. चादर टॉवेलांभोवती गुंडाळी करते आणि आतले टॉवेल ओलेच राहतात.

पाईपचे तोंड पश्चिमेकडून काढून उत्तरेच्या भिंतीत न्या. पाईप शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवा, वळणे दोनपेक्षा जास्त नकोत, आणि घडीच्या पाईपऐवजी गुळगुळीत कडक पाईप बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवा, म्हणजे साचलेले पाणी यंत्राकडे येणार नाही. भिंत फोडणे गणपतीआधी शक्य नसेल तर सध्याच्या तोंडापुढे हातभर अंतरावर, खालून आणि दोन्ही बाजूंनी उघडा राहील असा पत्र्याचा आडोसा उभा करा. माश्या आणि उंदीर यांच्या भीतीने बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी मात्र लावू नका. तिच्यावर महिनाभरात लवेचे जाड बूच बसते. त्यापेक्षा हलकी, प्लॅस्टिकची, गंज न धरणारी झडप बसवा आणि दर पंधरा दिवसांनी बोटाने हलवून पाहा.